बदललेल्या मागणीची बखर

दिवाळीचा फराळ करायचे ठरले की आमच्या घरी पहिला मान कढईचा नसतो, यादीचा असतो. दोन वर्षांमागची गोष्ट. हरभऱ्याची डाळ चार किलो, साखर पाच किलो, तूप, पोहे, खोबरे, वेलदोडे असे सारे यथासांग लिहून यादी धाकट्याच्या हाती वाण्याकडे रवाना झाली. तासाभराने आमच्या सौभाग्यवतींना आठवले की, थोरल्या वन्सं यंदा दिवाळीला यायच्या नाहीत. तेव्हा डाळ चार किलो कशाला, तीन पुरे. त्यांनी लगेच दुसरी चिठ्ठी लिहिली, 'हरभऱ्याची डाळ तीन किलो', आणि शेजारच्या मुलाबरोबर ती धाडून दिली. संध्याकाळी सामान आले. त्यात डाळ सात किलो होती.

मी तावातावाने दुकानात गेलो. वाण्याने शांतपणे दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "गुरुजी, एकीत चार, दुसरीत तीन. आधीच्या चारऐवजी तीन, असं हिच्यात कुठं लिहिलंय ते तुम्हीच दाखवा." मुलांच्या निबंधांत जन्मभर चुका काढणाऱ्या मला त्या चार शब्दांच्या चिठ्ठीतली चूक दिसली नव्हती! डाळ घरी राहिली आणि बेसनाच्या लाडवांनी संक्रांतीपर्यंत आमची पाठ सोडली नाही.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की, वाण्याच्या दुकानात जो घोटाळा आमच्या डाळीचा झाला, तोच घोटाळा गेली दीड-दोनशे वर्षे जगाच्या व्यापारात लोकरीचा, पत्र्याचा, कापडाचा होत आला आहे. त्यापायी माणसे बुडाली, खटले उभे राहिले, कायदे झाले आणि अखेरीस माणसाच्या हातातली चिठ्ठी काढून ती यंत्राच्या स्वाधीन करण्यात आली. मागणी करणे ही सोपी गोष्ट आहे. केलेली मागणी बदलणे ही मात्र फार अवघड गोष्ट आहे. कारण बदलाला तीन उंबरठे ओलांडावे लागतात. तो धाडावा लागतो, तो पोचावा लागतो आणि तो समोरच्याने मानावा लागतो. या तिहींतला एक जरी उंबरठा राहिला, तरी जुनी मागणी जिवंतच असते.

आपल्या जुन्या सावकारांना हे पक्के ठाऊक होते. हुंडी म्हणजे दूरगावच्या पेढीला केलेली मागणीच. फरक इतकाच की ती मालाची नसून पैशाची. कुणा अनोळखी जासुदाच्या कमरेला बांधून आलेल्या कागदावर विसंबून पेढीवाल्याने हजारो रुपये मोजून द्यायचे, तर तो कागद कसा असावा? हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. रुपये शंभर असतील तर त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, असे फिरून लिहीत. वाटेत कुणी आकडा खोडून वाढवला तर निमा आणि दुप्पट यांचा मेळ बसू नये, हा त्यातला हेतू. आणि हुंडीच गहाळ झाली तर? तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत, ती परपेठ. पण पेठेत मूळ हुंडीचा उल्लेख असे. मूळ हुंडीचे पैसे चुकते झाले नसतील तरच या पेठेचे द्यावे, अशी अट असे. म्हणजे दोन कागद पेढीवर पोचले तरी पैसे एकदाच निघत. आमच्या सौभाग्यवतींच्या दुसऱ्या चिठ्ठीत नेमका हाच शहाणपणा नव्हता.

मराठीत या व्यवहाराने एक सुरेख शब्द ठेवला आहे: हुंडी 'सकारणे'. हुंडी नुसती हातात पडणे म्हणजे ती सकारणे नव्हे. ती वाचून, पारखून, 'होय, हिचे देणे माझ्यावर लागू झाले' असे कबूल करणे म्हणजे सकारणे. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढच्या साऱ्या कथेत तो आपल्याला वेगवेगळ्या वेषांत भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकात व्यापार सागरापार गेला आणि पेढीपेढींमधले अंतर हजारो मैलांचे झाले. १८७० साली समुद्रतळाशी टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. दोनच वर्षांनी, १८७२ साली, हिंदुस्थानात कराराचा कायदा झाला. आश्चर्य वाटेल, पण दिलेला शब्द मागे घ्यायचा तर तो केव्हा मागे घेतला असे समजावे, याचा विचार त्या कायद्याच्या चौथ्या कलमात केला आहे आणि तिथे दाखल्यासाठी तारच घेतली आहे. माघारीची तार धाडली की धाडणाऱ्यापुरती माघार पुरी झाली. पण ज्याला धाडली त्याच्यापुरती ती पुरी होते ती त्याच्या हाती पडल्यावर. एकाच तारेला दोन घड्याळे! या दोन घड्याळांच्या मधल्या वेळात काय होऊ शकते, हे लवकरच दिसून आले.

१८७९ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला वेल्समधल्या कार्डिफच्या एका पेढीने न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिले की, कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या १००० पेट्या आम्ही अमुक भावाने देऊ. पत्र बोटीने निघाले. ८ तारखेला कार्डिफकरांचे मन बदलले आणि 'आमचा देकार रद्द समजावा' असे दुसरे पत्र त्यांनी टपालात टाकले. ११ तारखेला पहिले पत्र न्यूयॉर्कला पोचले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी तारेने होकार कळवला. रद्दपत्राची बोट त्या वेळी अटलांटिकच्या पाण्यातच होती. ते पत्र पोचले २० तारखेला. आता खरे काय? कार्डिफकर म्हणाले, होकार येण्याआधीच आम्ही मन बदलले होते. १८८० साली न्यायमूर्ती लिंडले यांनी निकाल दिला तो न्यूयॉर्ककरांच्या बाजूने. मन बदलणे आपल्या मनाशी ठेवून चालत नाही. ते पोचेपर्यंत समोरचा माणूस जुन्या शब्दावर विसंबून चालणार आणि त्याला तसे चालण्याचा हक्क आहे. असे नसते, तर पत्राला होकार देऊन कुणीही निश्चिंत झोपू शकला नसता. मागाहून एखादी रद्दपत्राची बोट येत असेल, ही धास्ती कायमची राहिली असती.

पत्रे निदान पोचत तरी जशीच्या तशी. तारेचे तसे नव्हते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश तयार केले. एका शब्दात अख्खे वाक्य मावे. १८८७ साली जूनच्या १६ तारखेला फिलाडेल्फियाच्या प्रिमरोझ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने कान्सासमधल्या आपल्या अडत्याला अशीच तार केली. तीत एक शब्द होता 'बे'. त्यांच्या कोशाप्रमाणे त्याचा अर्थ 'मी खरेदी केली आहे'. मोर्सच्या लिपीत इंग्रजी 'ए' म्हणजे टिंब आणि रेघ. 'यू' म्हणजे दोन टिंबे आणि रेघ. वाटेतल्या कुठल्याशा तारघरात एक टिंब वाढले आणि 'बे'चा 'बाय' झाला. 'बाय' म्हणजे 'खरेदी कर'! अडत्या इमानी होता. त्याने धन्याचा हुकूम समजून लोकर घ्यायचा सपाटा लावला. धन्याला २०,००० डॉलरहून अधिक खोट आली. त्याने तार कंपनीवर फिर्याद केली. ती थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १८९४ साली निकाल लागला. त्यात प्रिमरोझच्या पदरात पडले काय, तर तारेचे दिलेले दाम परत, १ डॉलर १५ सेंट!

कारण काय? तारेच्या फॉर्मच्या पाठीमागे छापले होते की, तार बिनचूक गेली की नाही याची खात्री हवी असेल तर ती उलट मागवून ताडून पाहावी आणि त्यासाठी निम्मे दाम जास्त द्यावे. प्रिमरोझने ते निम्मे दाम वाचवले होते. साठ सेंटही नसतील ते! हुंडीत निमा आणि दुप्पट लिहिणारा आपला मुनीम त्याच्यापेक्षा सावध म्हणायचा.

पुढे टेलिफोन आला. वाटले, आता वाटेतला काळच नाहीसा झाला. एक बोलतो, दुसरा त्याच क्षणी ऐकतो. तरीही तंटा उरलाच. १९५९ सालच्या जुलैत अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वऱ्हाडातल्या खामगावच्या जिनिंग आणि तेलाच्या गिरणीशी फोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही म्हणून त्यांनी ३१,१५० रुपयांची फिर्याद अहमदाबादेत लावली. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही खामगावात उच्चारला, तेव्हा सौदा खामगावचा. खटला इथे चालवा. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, फोनवरचा होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. वाद गावाचा होता खरा, पण त्याच्या मुळाशी तोच जुना प्रश्न होता: शब्द ओठातून सुटतो तेव्हा खरा होतो, की कानात पडतो तेव्हा?

आता या कथेत यंत्राचा प्रवेश होतो आणि तो व्हावा, हे एक नवलच, एका वेढ्याच्या निमित्ताने. १९४८ सालच्या जूनमध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रूळ आणि कालवे अडवले. शहरातल्या वीसएक लाख माणसांना धान्य आणि कोळसा विमानांनी पोचवावा लागला. पुढच्या सव्वा वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक विमानफेऱ्या झाल्या आणि सुमारे २३ लाख टन माल उतरला. पण मालाबरोबर येणारे कागद नाना देशांचे, नाना भाषांचे, नाना नमुन्यांचे. विमान उतरे, पण त्यात काय आहे हे कागद लावण्यात वेळ जाई. तेव्हा अमेरिकी सैन्याच्या पुरवठ्याचे काम पाहणाऱ्या एडवर्ड गिल्बर्ट आणि त्याच्या सोबत्यांनी मालाच्या यादीचा एकच ठराविक नमुना बांधला. टेलेक्सने, रेडिओने, फोनवरून, कशानेही धाडला तरी तो तसाच उतरवून घेता येई. अमुक रकान्यात अमुकच. ज्याला भाषा येत नाही त्यालाही रकाना कळतो.

गिल्बर्ट पुढे ड्युपाँ या रसायन कंपनीत गेला आणि त्याने तोच विचार व्यापारात आणला. १९६८ साली अमेरिकेत वाहतूक धंद्यातल्या मंडळींनी यासाठी एक समिती स्थापली. १९७५ साली तिचे पहिले नमुने प्रसिद्ध झाले. १९७९ साली सर्व धंद्यांसाठी समान नमुने बांधणारी 'एक्स-१२' नावाची समिती बसली. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली तयार झालेल्या 'एडिफॅक्ट' या नियमावलीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एका कंपनीचे संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी अशा बांधीव कागदांतून बोलू लागले. या पद्धतीला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज म्हणतात. धंद्यातले लोक नुसते ईडीआय म्हणतात.

एक्स-१२ पद्धतीत प्रत्येक कागदाला नावाऐवजी क्रमांक आहे. ८५० म्हणजे खरेदीची मागणी. ८५५ म्हणजे विकणाऱ्याचा सकार. ८६० म्हणजे घेणाऱ्याने केलेला बदल. ८६५ म्हणजे त्या बदलाला विकणाऱ्याचे उत्तर. आणि ९९७ म्हणजे केवळ पोच. हे आकडे वाचून कंटाळू नये. कार्डिफची बोट, फिलाडेल्फियाचे टिंब आणि आमची डाळ, या तिघांचेही अनुभव या पाच आकड्यांत साठले आहेत.

समजा, परदेशातल्या एका मोठ्या दुकानाने सोलापूरच्या एका कारखान्याकडे टॉवेलांची मागणी नोंदवली. पहिली ओळ: निळे टॉवेल १२००. दुसरी ओळ: पांढरे ८००. तिसरी: पिवळे ५००. ही ८५० झाली. कारखान्याने ८५५ धाडून ती सकारली. आठ दिवसांनी दुकानाला वाटले, निळे ९०० पुरेत, पिवळे नकोतच. आता दुकानाचा संगणक ८६० धाडतो. हा नवा कागद नव्या मागणीचा नाही, हे त्याच्या क्रमांकावरूनच कळते. शिवाय मूळ मागणीचा क्रमांक त्यात द्यावाच लागतो. मग ओळीओळीने सांगायचे: पहिल्या ओळीत संख्या घटवली, तिसरी ओळ काढून टाकली. घट, वाढ, नवी ओळ, काढलेली ओळ, भावातला बदल, प्रत्येकाला वेगळी दोन अक्षरांची खूण आहे. आमच्या वाण्याच्या प्रश्नाला इथे जागाच उरत नाही.

अनुभवी माणसे यात आणखी काही पथ्ये पाळतात. काढलेल्या ओळीचा क्रमांक दुसऱ्या मालाला देत नाहीत. नाही तर तीन नंबर म्हणजे पिवळे की नवे गुलाबी, असा वाद होतो. एकामागून एक दोन बदल धाडले तर त्यांना अनुक्रम देतात. कारण तारायंत्राप्रमाणे संगणकाच्या वाटेवरही मागचा पुढे आणि पुढचा मागे होऊ शकतो आणि शिळा बदल ताज्या बदलावर स्वार होतो. तोच कागद चुकून दोनदा आला तर दुसरा बाजूला ठेवतात. पेठ आणि परपेठ यांचाच न्याय. आणि कागदाच्या तळाशी आत किती ओळी आहेत त्याची मोजणी लिहिलेली असते. मोजणी जुळली नाही की यंत्र कागद परत फिरवते. निमे आणि दुप्पट लिहिणारा मुनीम इथे ओळखू येतो की नाही?

पण सर्वांत मोठा धोका आहे तो ९९७चा. कारखान्याच्या यंत्राने ८६० घेतली, तिची रचना तपासली आणि क्षणार्धात ९९७ परत धाडली. दुकानातल्या कारकुनाने ती पाहिली आणि तो निर्धास्त झाला: बदल झाला! वस्तुतः ९९७चा अर्थ एवढाच की पाकीट पोचले आणि त्याची घडी नीट आहे. आतला मजकूर अजून कुणा माणसाने वाचलेलाही नसेल. इकडे पिवळे सूत रंगून बसले असेल, निळे टॉवेल गाठोड्यांत बांधून बंदराच्या वाटेला लागले असतील. माल निघाला की कारखाना ८५६ नावाची सूचना धाडतो. त्यानंतर आलेला बदल म्हणजे कार्डिफचे रद्दपत्र. बदल खरा होतो तो ८६५ आल्यावर: पहिल्या ओळीची घट कबूल, तिसरी ओळ नाकबूल, कारण सूत रंगले आहे. पोच निराळी आणि सकार निराळा. हा भेद आपल्या सावकारांनी एका शब्दात ठेवला. यंत्राने त्याला दोन क्रमांक दिले.

आपल्या कायद्यानेही तो ओळखला आहे. १८७२च्या कायद्याचे ६२वे कलम सांगते की, झालेला करार बदलायचा तर दोघांचे मिळून एकमत हवे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या बाराव्या कलमात पोचेचा विचार आहे. 'पोच मिळाली तरच हा संदेश बंधनकारक' असे धाडणाऱ्याने आधी सांगितले असेल, तर पोच येईपर्यंत तो संदेश धाडलाच नव्हता असे मानायचे. प्रिमरोझचे निम्मे दाम आता कायद्यातच येऊन बसले म्हणा ना!

तर मग सारे ठीक झाले काय? कागद ठीक झाले. माणसांचे तसे म्हणवत नाही. २०२० सालच्या मार्च-एप्रिलमध्ये करोनाने पाश्चात्त्य देशांतली दुकाने बंद पडली, तेव्हा तिथल्या कपड्यांच्या मोठमोठ्या पेढ्यांनी बांगलादेशातल्या कारखान्यांना दिलेल्या मागण्या धडाधड रद्द केल्या किंवा लांबणीवर टाकल्या. तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने मोजलेली रक्कम तीन अब्ज डॉलरच्या वर होती. कापड आले होते, बेतले होते, कित्येक ठिकाणी शिवूनही झाले होते. बदल धाडला गेला, निमिषात पोचला. पण तो सकारायचा की नाही हे विचारले कुणाला? ज्याच्या दारी पुढच्या हंगामाची मागणी मागायला जायचे, त्याला 'सूत रंगले आहे, बदल नाकबूल' असे उत्तर लहान कारखानदार कोणत्या तोंडाने देणार? पुढे बराच गवगवा झाला आणि अनेक पेढ्यांनी मागण्या पुन्हा मान्य केल्या. पण मधल्या दिवसांत शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांच्या चुली कशा पेटल्या असतील, हे कुठल्या क्रमांकाच्या कागदात लिहिलेले नाही.

कार्डिफच्या खटल्यातल्या न्यूयॉर्ककरांना निदान न्यायालय गाठण्याची ऐपत होती. दुबळ्याला ८६५ धाडण्याची सोय आहे, हिंमत नाही. यंत्राने पहिले दोन उंबरठे सपाट केले; धाडणे आणि पोचणे आता पापणी लवण्याच्या आत होते. तिसरा उंबरठा मात्र जिथल्या तिथे आहे, कारण तो तारेत किंवा टेलिफोनात कधी नव्हताच. तो दोन माणसांच्या मधला आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या वाण्याच्या दुकानात अजूनही नव्या वहीची पूजा होते. हिशेब तो आता संगणकावर ठेवतो. तरी पाटावर लाल बासनातली वही असतेच. यंदा यादी गेली ती मीच घेऊन गेलो. परतल्यावर सौभाग्यवतींना बदल सुचलाच. मी कागद घेऊन लिहिले: 'सकाळच्या यादीतली ओळ पहिली. डाळ चारऐवजी तीन. अजून बांधली नसेल तरच.' थोड्या वेळाने चिठ्ठी परत आली. पाठीवर वाण्याच्या हातचे एकच वाक्य होते: 'बांधली आहे, पण सोडतो.'

तीन किलोच डाळ आली. तेवढ्यासाठी त्याने बांधलेली पुडी सोडली होती.